पहिला बेस सोडताना

चाळीच्या गॅलरीत भावांबरोबर क्रिकेट खेळून वाढलेल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. मी परळच्या मुलींच्या शाळेत ड्रिल घेते आणि हा नवा खेळ यंदा माझ्या गळ्यात पडला आहे. वाळूच्या पिशव्या मांडायच्या, त्यांना बेस म्हणायचं आणि पोरींना एकीवरून दुसरीवर पळवायचं.

शुक्रवारी राजलक्ष्मी पहिल्या बेसवर होती. बेबीने चेंडू जमिनीलगत मारला आणि पळत सुटली. राजलक्ष्मी हात वर करून "नो! नो!" ओरडली आणि पिशवीवर पाय रोवून उभी राहिली. क्रिकेटमध्ये धाव नको असली की असंच ओरडतात. तोवर चंपाने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवलासुद्धा. मी शिट्टी वाजवली आणि राजलक्ष्मीला आऊट दिलं.

"मी कशी आऊट, बाई? मला कुणी हात तरी लावला का?"

"लावायला लागत नाही. बेबी तुझ्या बेसकडे निघाली, म्हणजे तुला पुढे जायलाच हवं. एका बेसवर दोघी राहत नाहीत. तुझ्याआधी चेंडू दुसऱ्या बेसवर पोचला, संपलं."

"पण मी आधीपासून होते ना इथे!"

"म्हणूनच तू जायचं."

"आणि बेबीचा झेल घेतला असता तर?"

"तर तीच आऊट. मग तुझ्यावर सक्ती नाही. होतीस तिथे राहायचं."

"मग माझं चुकलं काय?" तिचे डोळे भरून आले.

"काही नाही चुकलं. नियम आहे तो!" मी खेकसले. एरवी मी मुलींवर अशी खेकसत नाही. पण गेला महिनाभर मला नीट झोप नाही.

मोर्च्यामुळे ट्राम बंद होत्या. गिरगावपर्यंत पायपीट करत घरी आले तर दार उघडंच होतं. आई-अण्णा गेल्यापासून या दोन खोल्यांत मी आणि माझा धाकटा भाऊ जयवंत, दोघंच राहतो. वैशाखात त्याचं लग्न आहे. त्याची होणारी बायको सुनेत्रा दोन गल्ल्या पलीकडची, त्यामुळे तिचं येणं-जाणं असतं. दोघांनी माझी कॉट दारापर्यंत सरकवली होती आणि ते कपाटासाठी भिंत मोजत होते.

मला बघून सुनेत्रा ओशाळली. "ताई, तुम्ही कुठे जायचा विचार करू नका हं. आम्ही आतल्या खोलीत भागवू."

आतल्या खोलीत मोरी, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. तिथे नवरा-बायकोने झोपायचं कुठे? पोर मनापासून बोलत होती, तेच जास्त लागलं. हे लग्न मोडलं तर बरं, असं क्षणभर मनात आलं आणि माझी मलाच किळस आली.

मी जयवंतकडे पाहिलं. त्याने नुसतं "हो ना, ताई" म्हटलं असतं तरी मी आतल्या खोलीत पिंपाशेजारी आनंदाने पथारी टाकली असती. मोर्च्यात मुंबई आमची म्हणून घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आला होता. पण आता टेपची गुंडाळी करण्यात गुंतला होता. त्याचा राग येण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"मला शाळेच्या वसतिगृहात जागा मिळतेय," मी म्हटलं. "रोजची ये-जा वाचेल."

सुनेत्रा म्हणाली, "अहो, पण का?"

जयवंतने मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं आणि चपला काढल्या. वसतिगृहात जागा आहे की नाही, हे मला सोमवारी विचारायचं होतं.