दोन शिक्के आणि खारट ओढा

कारखान्यामागच्या ओढ्याचे पाणी काचेसारखे नितळ होते आणि मेंढ्या त्याला तोंड लावत नव्हत्या.

मित्रांनो, मी एक जुना क्षारमापक आहे. पाण्यात किती मीठ विरघळले आहे, एवढेच मला कळते. सोलापुरातील या कारखान्यात टॉवेलचे सूत रंगवतात. येथील सांडपाणी ज्या नळाने ओढ्यात जाते, त्याच्या तोंडाशी सिमेंटच्या कुंडीत, लोखंडी झाकणाखाली माझा मुक्काम असतो. सुताने रंग धरावा म्हणून भरपूर मीठ घालावे लागते. शुद्धीकरणात रंग निघून जातो. मीठ राहते आणि दिसत नाही. ते कळावे म्हणून मला येथे बसवले.

पूर्वी दोघे येत. सरकारी निरीक्षक न कळवता, ऐन कामाच्या दिवशी येत. झाकण उचलत, माझी काच पुसत आणि आकडा पाहत. दुसरे येत ते पर्यावरणस्नेही मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी संस्थेचे तपासनीस. परदेशी गिऱ्हाइकांना त्यांचा शिक्का लागे. ते आधी कळवून येत आणि याच नळाच्या बाहेरच्या तोटीतून बाटली भरून नेत. माझ्या आकड्याचे कौतुक होई. खरे तर तो मान मीठ वेगळे काढणाऱ्या बाष्पीभवन यंत्राचा होता.

मग असे ठरले, की एकाच पाण्याची दोनदा तपासणी नको. संस्थेचा अहवाल सरकारने ग्राह्य धरावा. कल्पना वाईट नव्हती. निरीक्षकांचे येणे तेवढे थांबले.

त्यानंतर माझे झाकण कोणी उचलले नाही. काचेवर धूळ बसली. मी अंधारात आकडा दाखवत राहिलो. एक कोळी काही काळ सोबतीला होता. कुंडीत माश्या येत नाहीत हे कळल्यावर तोही गेला.

एके दिवशी झाकणाच्या फटीतून आवाज आले. मंद्रूपकडची मेंढपाळ गोजाबाई कारखान्याचे व्यवस्थापक सिद्धलिंगप्पा यांच्याशी भांडत होती.

"पाण्यासाठी लई लांब जावं लागतंय. कोकरं वाटंतच बसत्यात. असंच ऱ्हायलं तर कळप मोडावा लागंल मला."

"मावशी, संस्थेचा शिक्का हाय, सरकारचा शिक्का हाय. आता मेंढरांचा बी शिक्का आणू का?"

"मग तुमी प्या की एक तांब्या. माझ्या म्होरं प्या."

"मी आत्ताच चहा घेतलाय."

"व्हय की! मेंढरांनाच कुणी चहा पाजत न्हाय."

गोजाबाईने ओढ्याचे पाणी बाटलीत भरले आणि ती सरकारी कचेरीत गेली. तेथील अभियंता सुकन्या यांनी ते तपासले. पाणी खारट निघाले. संस्थेच्या अहवालात मात्र ते गोडे होते. कोणी खोटे बोलत आहे, असे त्यांनी गृहीत धरले नाही. त्या न कळवता, कामाच्या दिवशी आल्या.

झाकण उघडले. त्यांनी ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता.

"संस्थेचे तपासनीस कधी येतात?"

"आठवड्याच्या सुट्टीला, मॅडम," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "मीच बोलावतो. कामाच्या गडबडीत पाहुण्याला धड जेवू घालता येत न्हाई. सुट्टीला कसं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, निवांत बोलणं."

"सुट्टीला या नळातून काय जातं?"

"हौद धुतलेलं साधं पाणी."

"आणि बाष्पीभवनाचं यंत्र?"

"निरीक्षक यायचे थांबले, तवापासून बंद हाय. जळण लई खातंय ते."

यंत्र पुन्हा सुरू झाले. दोन्ही शिक्के राहिले. सरकारची न कळवता होणारी भेटही परत आली. पुढे पावसाने ओढा धुऊन निघाल्यावर मेंढ्या पाणी प्यायल्या आणि गोजाबाईचा कळप मोडला नाही. हे मला नळाजवळच्या बोलण्यावरून समजले. मेंढ्या मी कधी पाहिलेल्या नाहीत.

मित्रांनो, प्रमाणपत्रे भिंतीवर अवश्य लावा, पण अधूनमधून झाकणही उचला. मापकाला कोणी पाहिले नाही, तरी तो मोजतच असतो. त्या मोजण्याचा उपयोग मात्र कोणाला होत नाही.

यंत्र बंद पडून ओढा खारट झाला तरी कोणाला कळले नाही, याचे कारण एवढेच होते: सरकार संस्थेवर विसंबले, संस्था यजमानाच्या सोयीवर विसंबली, आणि पाणी दर वेळी त्याच दिवशी तपासले गेले, ज्या दिवशी सूत रंगवले जात नव्हते.