खुर्चीचा डावा हात

ताईने शेवटचा स्क्रू आवळला, नव्या हातावरून ओलं फडकं फिरवलं आणि दाराकडे पाहिलं. मिस्त्री अजून आला नव्हता. काल एकाच हाताची असलेली खुर्ची आता दोन हातांची झाली होती. चोरी करणाऱ्याने जाताना घर आवरून जावं, तसा तिने खाली पडलेला भुसा कोपऱ्यात लोटला.

"ओळखू येतो का?"

कापडवालीने सीटच्या शिवणीतून मान वर केली. "जुळा भाऊ दिसतोय. पण जुळ्यांची आई आत्ता येईलच की."

"तो काही बोलणार नाही. हल्ली कुठे बोलतो?"

"आपण तरी कुठे बोलतो?" कापडवाली म्हणाली आणि तिने दोरा दातांनी तोडला.

तिघांचीच ही फर्निचरची कार्यशाळा. खुर्ची कशी असावी हे ताई कागदावर मांडायची, मिस्त्री लाकडात उतरवायचा, कापडवाली तिला अंगावरचे कपडे द्यायची. मिस्त्री हे त्याचं टोपणनाव; शिकलेला तो ताईच्याच कॉलेजात, पण पेन्सिलपेक्षा रंधा हातात असला की त्याचं डोकं चालायचं. नियम एकच होता. नवा नमुना आला की सगळ्यांनी त्यावर बसायचं आणि खोट काढायची. ज्याच्या कामात खोट निघेल त्याने चहा करायचा. या नियमापायी भांडणं झाली, एकदा तर कापडवालीने कात्री आपटली होती. पण खुर्च्या चांगल्या व्हायच्या.

मिस्त्रीची बायको गेली आणि नियम मेला. तो काहीही करून आणायचा, दोघी त्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, छान. वाकडं असलं तरी छान. तो घरी गेला की ताई गुपचूप पॉलिशपेपर घासत बसायची. चहाही तीच करायची. दुःखी माणसाभोवती लोक कापूस गुंडाळत जातात, आणि तो आत गुदमरला की म्हणतात, बिचारा फार गप्प झालाय.

ही खुर्ची मात्र नुसत्या 'छान'वर निभणारी नव्हती. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी जो घरचा माणूस बसून राहतो, त्याच्यासाठी ती होती. दुपारी हॉस्पिटलची माणसं बघायला येणार होती. पसंत पडली तर प्रत्येक पलंगाशेजारी जाणार. नाही पडली तर या तिघांना कोणी पुन्हा विचारणार नव्हतं. आणि मिस्त्रीने पलंगाकडचा हात लावलाच नव्हता. नकाशात दोन, लाकडात एक. विसरला, दुसरं काय.

मिस्त्री आला. पिशवी ठेवण्याआधीच त्याचा तळवा त्या नव्या हातावर गेला.

"कोणी लावला?"

"मी," ताई म्हणाली. "बघ ना, छान दिसतोय."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि हात सोडवायला घेतला. एकेक स्क्रू काढून खिशात टाकत राहिला.

"अरे, तू विसरला असशील असं वाटलं."

"मग विचारायचं ना."

"तुला उगीच त्रास..."

"काय झालं असतं? रडलो असतो. रडून झाल्यावर सांगितलं असतं." त्याने हात काढून बाजूला ठेवला. "बायको गेली माझी, ताई. डोकं नाही गेलं."

कापडवालीची सुई हवेतच थांबली. मिस्त्रीने कामाचा लांब बाक ओढून खुर्चीला भिडवला.

"तू झोप यावर," तो कापडवालीला म्हणाला.

"मी? मला काय धाड भरलीय?"

"पड गप."

ती पडली. चष्मा छातीवर ठेवला, डोळे मिटले, एक हात बाकाच्या कडेवरून खाली सुटला. ताई खुर्चीत बसली आणि तिचा डावा हात आपोआप त्या हातात गेला. मध्ये काहीच आलं नाही.

"हॉस्पिटलातल्या खुर्चीला दांडा होता," मिस्त्री म्हणाला. तो दोघींकडे बघत नव्हता. खिशातले स्क्रू बोटांनी फिरवत होता. "ती झोपेत हात शोधायची. मी दांड्यावरून धरायचो. मुंग्या आल्या की सोडायचो, जरा झटकायचो, परत धरायचो. शेवटचा सोडला तोही मुंग्या आल्या म्हणूनच."

बाकावर कापडवालीने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

ताईच्या ओठांवर 'छान' तयारच होतं. तेवढं म्हणायचं, मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि खुर्ची अशीच दाखवायची. ती उठायला गेली. गुडघ्याने नेहमीसारखा दगा दिला, डावीकडे टेकायला काही नव्हतं, सगळा भार उजवीकडे गेला आणि खुर्चीचे डावे पाय जमिनीवरून उचलले गेले. ती धपकन परत बसली.

मिस्त्री खाली बघत होता. त्याला दिसलं नव्हतं.

"मिस्त्री," ती म्हणाली. "ही खुर्ची वाईट आहे."

बाकावरचे डोळे खाडकन उघडले.

"उठताना कलते. माझी आई यातून उठली तर तोंडावर आपटेल. मग एकाच घरचे दोन पेशंट."

त्याने तिला उठवलं आणि स्वतः बसला. अंग म्हाताऱ्यासारखं सैल सोडून उठला. खुर्ची कलली. पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"गाढव आहे मी."

"आहेसच. हात ठेव, पण पडता ठेव. बसलं की खाली पाडायचा, उठताना वर घ्यायचा."

"बिजागरी लागेल. हात अडकवायला खिटी लागेल."

"मग लाव."

"दुपारपर्यंत नाही होणार."

"अर्धवट दाखवू. काय करायचंय ते तोंडाने सांगू. तूच सांग त्यांना, मला आत्ता सांगितलंस तसं."

"आणि सीट फार खोल आहे," बाकावरून आवाज आला. "माझे पाय लोंबतात. कधीची गप्प बसलेय."

"तुझे पायच आखूड आहेत," मिस्त्री म्हणाला.

"जगात आखूड पायांच्या बायका पेशंटपाशी बसत नाहीत वाटतं?"

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि सीटवर आडवी रेघ मारली, चार बोटं आत. रेघ थेट नव्या शिवणीवर पडली.

"आणखी?" त्याने विचारलं.

"सध्या एवढंच," ताई म्हणाली.

तो मागच्या ओट्याकडे गेला. चहाच्या पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला, गॅस पेटला. तो पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

कापडवाली उठून बसली. ताईही त्याच्याकडे जायला निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"साखर बेताने घाल," ती तिथूनच म्हणाली. "मागे पाक केला होतास."