रत्नाबाईच्या ओट्यावरची डबी

माण गावच्या एका आळीत समोरासमोर दोन जावा राहायच्या. थोरली रत्नाबाई, भाड्याच्या आठ खोल्यांची मालकीण. धाकटी अनसूया, कंपनीतल्या पोरांना जेवू घालणारी खानावळवाली. मधे रस्ता जेमतेम बारा हातांचा. पण रत्नाबाईचं मन तो ओलांडून दिवसभर अनसूयेच्या दारात बसलेलं.

कारण अनसूयेच्या टेबलावरची ती डबी! पोरांनी मोबाईलवरून पैसे दिले की डबी ओरडायची, “ऐंशी रुपये प्राप्त झाले!” सगळ्या आळीला ऐकू जायचं, आणि रत्नाबाईच्या छातीत दर वेळी सुई टोचायची.

“माझं भाडं हिच्या कमाईच्या दुप्पट, अन् त्याचा कुटं आवाज न्हाई!” म्हणत ती बँकेत गेली. व्यापारी लोक ठेवतात तसं करंट खातं उघडलं आणि तश्शीच डबी आणून ओट्यावर मांडली.

पहिल्या आठवड्यात डबी आठदा बोलली, कारण भाडेकरूच आठ. मग मुकी! समोरची मात्र ओरडतच होती. रत्नाबाईनं लेकाला कामाला लावलं. “शेखर, दुपारी जेवायला बसलास की टाक पाचशे. सांजंला रोख देते.” रोज एकच्या ठोक्याला ओटा गरजू लागला.

जानेवारीत बँकेचा मेसेज आला. शेखरनं वाचून दाखवला. “आये, नवीन नियम आलाय. ह्या खात्याला आता महिन्याला पाचशे कापणार. डबीचं भाडं सव्वाशे वेगळं.”

“अनसूया भरतीया न्हवं? मग आपुन काय भिकारी हाय का? कापू दे!”

कापत राहिले. जूनमध्ये शाळा उघडली. नात किमया हिला सायकल कबूल केली होती, त्यासाठी भाड्यातले पैसे खात्यात राखले होते. शेखरनं बघितलं तर पावणेचार हजार कमी! किमयानं भोकाड पसरलं. ते ऐकून अनसूया पिठाच्या हातांनीच धावत आली.

सगळं कळल्यावर म्हणाली, “आक्का, एक इचारू? तुझं भाडेकरू रोज एकच्या ठोक्याला पाचशेच कसं देत्यात गं?”

रत्नाबाईनं मान खाली घातली. आळीत तिची मान कुणी खाली बघितली नव्हती.

“माझ्याकडं दिसाला शंभर गिऱ्हाईक. मला ते खातं लागतंय, म्हणून भरते. त्यातबी बँकेत तीन खेपा घालून कमी पैसं कापणारं खातं मागून घेतलं. तुझ्या आठ भाड्यांना साधं बचत खातं बास हाय. मला इचारलं का न्हाईस?”

“तुला इचारू? मी थोरली हाय!”

“व्हय, थोरली! तू ओट्यावर बसून कमावतीस. ते बघून मी किती जळले, ठावं हाय? ती डबी ओरडती तवा माझं हात पोळलेलं असत्यात, आक्का!”

रत्नाबाईनं त्या हातांकडं पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे काळे डाग. वर्षभर समोर बसून तिनं फक्त आवाज ऐकला होता, हात कधी पाहिलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी दोघी जावा मिळून बँकेत गेल्या. करंट खातं बंद झालं, बचत खातं उघडलं, डबी परत केली. कापलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. रत्नाबाईनं नातीला जवळ घेऊन खरं ते सांगितलं, “बाळा, तुझी सायकल तुझ्या आजीच्या जळकेपणानं खाल्ली. पुढच्या भाड्याला आणू.”

आणि आणली. आता समोरची डबी ओरडली की रत्नाबाई ओट्यावरून हाक मारते, “अनसूये, आलं गं तुझ्या भाकरीचं पैसं!”

बायांनो, बाप्यांनो, बँक पैसे कापते तेव्हा निदान कळवून कापते. मनातली जळजळ कळवतसुद्धा नाही! कागदावर अंगठा उठवायच्या आधी दोन गोष्टी विचारा. हे आपल्याला लागतं का? आणि लागत नसेल, तर मग आपण हे कुणाला दाखवायला घेतोय?