सगळ्यात शेवटची गाडी

बायकोचं, पुष्पाबाईचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी रुपचंद नाना सावद्याच्या स्टेशनावर आले. यावलकडच्या केळीवाल्यांनी मिळून गट केला होता आणि नाना गटाचे प्रमुख होते. माल दिल्लीला जायचा होता. रेल्वेने डबे कमी दिले होते. म्हणजे कोणाचा तरी माल राहणार आणि उन्हात पिकून वाया जाणार.

गटाचा नियम साधा होता. लहान शेतकऱ्याचा माल आधी भरायचा, प्रमुखाचा सगळ्यात शेवटी. लोक त्याला नानांचा नियम म्हणत, पण तो होता पुष्पाबाईचा. गट झाला त्या दिवशी, आधी माल कोणाचा यावरून नानांच्या अंगणात सगळे हमरीतुमरीवर आले होते. पुष्पाबाई दोंडाईचाकडची, तिची बोली अहिराणी. वरणाचं भांडं हातात घेऊन ती म्हणाली, "वाढणारा मांगून जेवस. भंडारामा असंच ऱ्हास ना? मंग आठे काब्र भांडतस?"

'आठे काब्र', म्हणजे इथं कशाला, या तिच्या बोलीला लोक हसले. पण भंडाऱ्यात वाढणाराच आधी जेवायला बसला तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर पुन्हा कोणी वाद घातला नाही.

आज नानांना पहिल्याच डब्यात आपले घड दिसले. सुकदेवची बैलगाडी मात्र भरलेलीच बाजूला उभी होती. त्याची जमीन गटात सगळ्यात कमी.

"सुकदेव, माह्या माल आधी कोणी भरला?"

"आम्हीच, नाना. तुमच्या घरी एवढं झालं. म्हटलं या खेपेला तरी तुमचं नुकसान नको."

"अन् तुह्या माल?"

"राहिला तर राहिला."

"माह्या उतरवा."

माल भरून घेणारा झुलाल मुकादम कावला. "नाना, आम्ही मायेनं केलं. चोरी नाही केली!"

"माया करायची तर घरी येऊन बसत जा. बोलायला माणूस नाही तिथं. तिचा नियम मोडू नका. तेवढाच राह्यला माह्याजवळ."

कोणी हलेना. तेव्हा नानांनीच डब्यात चढून पहिला घड खांद्यावर घेतला. मग सगळे लागले. सुकदेवचा माल चढला. गाडी सुटली तेव्हा नानांचे घड फलाटावर होते.

बैलगाडी घेऊन परतताना नानांची मान ताठ होती. घरी गेल्यावर हे पुष्पाला सांगायचं, असं त्यांच्या मनात आलं. मग आठवलं. पिकलेली केळी त्यांनी गावच्या शाळेत वाटून टाकली.

पुढच्या खेपेला डबे आले, तरी बैलगाड्या स्टेशनाबाहेरच अडलेल्या; कोणीच आधी पुढे जाईना. नानांच्या मागे सुकदेवने आपली गाडी लावली होती, आणि सुकदेवच्या मागे गटातल्याच तोतारामने.

"सुकदेव, पुढे घे गाडी."

"आज मी वाढतो, नाना. तुम्ही पंगतीत बसा."

"तू कोण रे वाढणारा?" मागून तोताराम ओरडला. "माह्यं बागाइत तुह्यापेक्षा मोठं. मी शेवटी!"

"अरे, डबे काय दिवसभर थांबतील?" झुलालने कपाळावर हात मारला.

नाना गाडीवर उभे राहिले. पुढून मागून सगळ्या गाड्या पाहिल्या. कधी बोलले नव्हते त्या बोलीत ते मोठ्याने म्हणाले, "मंग आठे काब्र भांडतस?"

कोणी हसलं नाही. मग सुकदेवने मुकाट्याने बैल वळवले आणि गाडी पुढे घेतली.