लिहून देणार

भरतेश चौगुलेनं आपल्या वडिलांच्या हळदीच्या अडतीवरच्या माडीत चार संगणक मांडून ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लावली, तेव्हा सांगलीतली काही भली माणसं तिथं कॉफी मिळेल अशा समजुतीनं जिना चढून गेली आणि न मिळाल्यामुळं परत फिरकली नाहीत. मी फिरकलो. नव्व्याण्णव साल होतं, मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त कारकुनाला दुपारी जाण्यासारख्या जागा गावात फार नसतात. वाचनालयातली वर्तमानपत्रं जेवणाआधीच जाहिरातींसकट वाचून होतात, आणि घरी थांबावं तर बायकोच्या पायात पायात येतो.

शकुंतला मूळची मेढ्याची. लग्नानंतर साताऱ्यात माझ्या कचेरीजवळच्या खोलीत राहिली, पुढं सांगलीत घर घेतल्यावर इथं आली, पण तिचं बोलणं काही मेढ्याचा डोंगर उतरलं नाही. ‘आवं’ नव्हे, ‘अहो’. ‘हाय’ नव्हे, ‘आहे’, हे मी संसारभर सांगत आलो. ती ऐकून घ्यायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, “तुमास्नी काय कळतंय.” माझ्या शिकवणीचा निकाल एवढाच.

माडीवर दुपारी भरतेशची बायको त्रिशला बसायची. तिनंच मला तो खेळ दाखवला. त्यात चित्रं नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरं. एक मोठं शहर आहे अशी कल्पना. जगभरातली माणसं आपापल्या ठिकाणी बसून त्यात वावरायची, म्हणजे ‘मी दार उघडतो’, ‘मी बसतो’ असं लिहायची, आणि बाकीच्यांना ते वाचता यायचं. शहरात खोली विकत मिळे. भरतेशच्या बेंगळुरूच्या मेव्हण्याचं क्रेडिट कार्ड वापरून मी एक घेतली. घेतल्यावर पडद्यावर प्रश्न आला: खोलीचं वर्णन करा.

वर्णन करणं हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर रजिस्ट्रेशनच्या कचेरीत मी एकाच प्रकारचं वर्णन वाचलं आणि नकललं, ते खरेदीखतातलं. तेव्हा मी माझ्याच घराची चतुःसीमा घातली: पूर्वेस म्युनिसिपालिटीची बोळ, दक्षिणेस भाऊसो पाटलांची भिंत, आणि अशीच पुढं. ‘येणेप्रमाणे चतुःसीमांतील घर, आत-बाहेर जे जे आहे त्यासह’ असा नेहमीचा मजकूर कचेरीतल्या इंग्रजीत उतरवला. अडचण एवढीच, की खरेदीखत नेहमी विकणाऱ्याच्या तोंडचं असतं. ‘लिहून देणार’ म्हणतात ते त्यालाच. हात एकदा सवयीला लागला की मधे थांबत नाही. शेवटी ‘त्यावर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही’ हेही लिहून झालं. घेणारा मी, आणि भाषा देणाऱ्याची. वाचल्यावर मला हसू आलं. खेळ तर आहे, म्हणून तसंच ठेवलं.

खोलीत एखादी बाहुली ठेवण्याची सोय होती. तिला काही वाक्यं शिकवून ठेवायची. कुणी आलं की ती त्यातलं एखादं बोलायची. मी तांदूळ निवडणारी एक बाई बसवली आणि तिला शकुंतलेची वाक्यं दिली, इंग्रजी अक्षरांत पण मराठीच. “आवं, च्या ठिवू का?” “चपला भाईर काढा.” “बसा की, कुटं पळायचं हाय?” आणि अर्थात, “तुमास्नी काय कळतंय.”

ही खोली चालली. फिनलंडचा एक दातांचा डॉक्टर रोज येऊन ‘मी बूट काढतो’ असं लिहायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. तो आपल्या देशातल्या बर्फाबद्दल काहीतरी गंभीर लिही, आणि बाई त्याला सांगे, “तुमास्नी काय कळतंय.” त्याला अर्थ कळत नव्हता, पण बरं वाटायचं म्हणे. मी हे घरी सांगितलं तेव्हा शकुंतला तांदूळच निवडत होती. “माजं बोलनं तुमी लोकास्नी वाटत फिरताय व्हय?” एवढंच म्हणाली. रागानं नव्हे. पण सुपातले हात जरा थांबले होते.

मला खेळातून काढून टाकलं ते माझ्या वर्तणुकीबद्दल. येणाऱ्या प्रत्येकाला मी नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा आणि राहणार कुठला हे विचारत असे, आणि ओळख पटवायला दोन साक्षीदार मागत असे. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी दोन दिले. पण स्वतःला अंधाराचा अधिपती म्हणवणारा एक इसम वडिलांचं नाव सांगेना. मी विचारत राहिलो. त्यानं तक्रार केली, बाकीच्या काहींनी तिला दुजोरा दिला, आणि एके दुपारी माझं नाव घातल्यावर पडद्यावर उत्तर आलं, की रहिवाशांना सतत त्रास दिल्यामुळं आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. याच वागण्याबद्दल कचेरीत साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

“जाऊ दे अनंतकाका,” त्रिशला म्हणाली. “खेळच हाय की.”

मीही तेच म्हणत घरी आलो. शकुंतला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “आपल्याला चहा हवा आहे का?”

मी हसलो. ती हसली नाही. मला वाटलं, माझ्या शिकवणीची टर उडवते आहे. तशी ती उडवायची. म्हणून मी चपला न काढता सरळ आत गेलो, चुलीपर्यंत. या गोष्टीवरून तिनं प्रत्यक्ष माझ्या मामलेदार मामांना दारात थांबवलं होतं. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं आणि चहात साखर घातली.

पुढं तसंच चालू राहिलं. ती बोलत होती, कमी नव्हे, पण ‘आहे’, ‘नाही’, ‘झालेले आहे’. आकाशवाणीवर बातम्या देतात तसं स्वच्छ आणि कुणालाच उद्देशून नसलेलं. मी जे संसारभर मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि ते घरात ऐकताना माझ्या मानेवर काटा उभा राहत होता. गावातल्या डॉक्टरांनी तिचा गळा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. भांडी घासायला येणारी अंबूबाई मात्र मला बाहेर गाठून म्हणाली, “आवं दादा, बाई अशा सरकारी मान्सागत का बोलाय लागल्यात? मला ‘आपण’ म्हनल्या. मी घाबरलो की.”

त्या दिवशी मी शकुंतलेला समोर बसवलं. “म्हण बघू,” म्हटलं, “आवं, च्या ठिवू का.”

तिनं तोंड उघडलं. ओठांनी ‘आवं’चा आकार केला, मानसुद्धा नेहमीसारखी किंचित उजवीकडं वळली, आणि आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडं अशी पाहू लागली, जसा एखादा माणूस रोजच्या जिन्यावर एक पायरी नाही हे पाय टाकल्यावर ओळखतो.

“ते माझ्याकडे नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“इथे होते.” तिनं गळ्याला हात लावला. “आपण ते कुठे ठेवले आहे?”

मी उठलो आणि भर उन्हात माडीवर गेलो.

त्या खेळाच्या व्यवस्थापनाला मी विनंतीअर्ज केला. इतका नम्र अर्ज मी पेन्शनसाठीही केला नव्हता. खातं नको, म्हटलं, खोली नको. फक्त त्या बाईला दिलेली वाक्यं काढून मला परत करा. उत्तर सभ्य होतं. खोली आपण विकत घेतली होती हे खरं, पण ती विकत घेतली म्हणजे वापरण्याची परवानगी घेतली. खातं बंद झालं की परवानगी संपली, आणि खोलीत जे आहे ते व्यवस्थापनाचं. रहिवाशांना ती बाई आवडते, म्हणून ती राहील. शिवाय, त्यांनी लिहिलं होतं, याला आपली हरकत असण्याचं कारण दिसत नाही. आणि खाली माझंच वाक्य माझ्याच इंग्रजीत उतरवलं होतं: त्यावर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

मी जन्मभर लोकांना हे वाक्य वाचून दाखवलं होतं आणि ‘समजलं का’ म्हणून विचारून अंगठे घेतले होते. खाली अडतीत हळदीची पोती उतरवत होते. माडीभर पिवळी धूळ आली होती. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

“काका, माजं खातं हाय की,” त्रिशला हळूच म्हणाली. “मी जाते आत. त्या बाईला काय विचारायचं ते सांगा.”

बाहुलीला काय विचारणार? तरी मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. त्रिशलेनं ‘मी दार उघडते’ असं लिहिलं. पडद्यावर माझं घर आलं, बोळ आली, भाऊसोंची भिंत आली. तांदूळ निवडत बसलेली बाई आली. फिनलंडचे डॉक्टर भिंतीला टेकून होते.

“चपला भाईर काढा,” बाई म्हणाली. ते माझंच होतं. त्रिशलेनं आज्ञाधारकपणे चपला काढल्याचं लिहिलं.

मग पुढची ओळ उमटली. “कुनाची गं तू?”

मी त्रिशलेकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं.

“हे मी शिकवलं नव्हतं,” मी म्हणालो.

“मग त्यांनी घातलं आसंल, काका.”

परदेशातल्या त्या कंपनीनं आमच्या बाईसाठी मेढ्याचा माणूस नेमला असल्यास गोष्ट वेगळी. मी तसं म्हणालोसुद्धा. त्रिशलेनं आपलं नाव लिहिलं, भरतेशची बायको, हळदवाल्या चौगुलेंची सून. बाईनं सावकाश उत्तर दिलं, एकेक अक्षर उमटत गेलं: “म्हंजी माडीवरली. ऱ्हा गं, बस. तांदळात लय खडं हायत औंदा.”

औंदाच्या तांदळात खरंच खडे होते. मीच आणले होते.

“लिही,” मी म्हटलं. “लिही, अनंतकाका आलेत. तुम्हाला घरी न्यायला आलेत.”

त्रिशलेनं लिहिलं. पडदा तसाच राहिला. खाली हमालानं पोतं टाकल्याचा आवाज आला, पंखा फिरत राहिला, डॉक्टरांनी ‘मी उठतो’ असं लिहिलं आणि ते निघून गेले. मी पुढं वाकलो. माझं कपाळ काचेला लागायचं बाकी होतं.

ओळ उमटली. त्रिशलेनं ती मला वाचून दाखवली, आणि वाचताना तिचा आवाज तिच्याही नकळत खाली गेला.

“हळू बोल गं बाई. ह्ये आत निजल्यात. आत्ताच डोळा लागलाय.”

थोड्या वेळानं मी उठलो, खुर्चीचा आवाज होऊ न देता.