राजाचं झिजलेलं नाक

कामगार क्लबच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबल टेनिसच्या टेबलावरचं जाळं काढून काळं मखमली कापड अंथरलं होतं, आणि त्यावर चांदीची जुनी नाणी मांडली होती. मागे पांढरे हातमोजे घातलेला, गळ्यात घड्याळजीचं भिंग अडकवलेला माणूस उभा. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला नाणेबुवा म्हणत.

"मूठ घट्ट मिटा, ताई. डोळेही मिटा. काय हवं ते मनात बोला," तो बेकरीवालीला सांगत होता. "नाण्याला माणसाची कंपनं कळतात. हे आधी शास्त्र आहे, मग श्रद्धा."

बेकरीवालीने नाणं काचेच्या पेल्यात सोडलं. नाणेबुवाने किटलीतलं वाफाळतं पाणी त्यावर ओतलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नाण्यावरच्या राजाच्या मुकुटापाशी काहीतरी करडं सुटलं, वर येऊन पाण्यावर पसरलं, आणि तळाच्या नाण्यात आरपार गोल भोक दिसू लागलं.

"डोळा उघडला," नाणेबुवा हळूच म्हणाला. तो आवाज कधी चढवायचा नाही. "आणि हा वर आला तो तुमच्या नजरेवरचा पडदा. आता चष्मा काढून समोरच्या घड्याळात किती वाजले ते सांगा बरं."

बेकरीवालीने डोळे बारीक केले. "चार वाजून दहा मिनिटं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी माझा हात दाबला. "ऐकलंस? चष्म्याशिवाय."

मी ऐकलं होतं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि घरात माझ्या विज्ञानाला कोणी काडीची किंमत देत नव्हतं. सासूबाईंचा उजवा डोळा गेलेलाच होता. मोतीबिंदू पिकला तरी ऑपरेशनला नको नको म्हणत बसल्या, त्यात गेला. डाव्याचं ऑपरेशन येत्या बुधवारी ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आजी, एक डोळा थांबण्यात घालवलात. दुसऱ्याला थांबवू नका." तेवढ्यात गावात नाणेबुवा आला, आणि त्याचा एक नियम होता: डोळ्याला शस्त्र लागलं की नाण्याचा डोळा कायमचा मिटतो. भित्र्या माणसाला याहून गोड नियम कुठला सापडणार? बुधवारी दवाखान्यात जाणार नाही, असं सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं. ह्यांनी पेपरमागे तोंड लपवलं होतं. आईपुढे ह्यांची नेहमीच दातखीळ बसायची.

"या आजी, या," नाणेबुवाने खुर्ची सरकवली. "तुमच्यासाठी खास काढून ठेवलंय. राजवाड्याच्या पायात पुरलेलं नाणं. तीनशे वर्षं माणसाचा हात लागलेला नाही."

त्याने नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. सासूबाईंनी मूठ मिटली. मी पाहत होते. त्यांचा अंगठा नाण्यावर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. कपाळाला आठी पडली.

"काय हवं ते मनात बोला, आजी."

"मनात कशाला? मोठ्यानेच बोलते," सासूबाई म्हणाल्या. "माणसाचा हात लागला नाही म्हणता. मग राजाचं नाक कोणी झिजवलं?"

"मातीत झीज होते, आजी."

"बरं. मातीने फक्त नाकच खाल्लं, हनुवटी ठेवली. समजूतदार माती दिसते."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. नाणेबुवाने नाणं परत घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी मूठ पदराखाली घेतली.

"सूनबाई, इकडे ये. आणि तुम्ही सगळे ऐका. मी आधी सांगते, मग हिने पाहायचं. राजाचं नाक सपाट. हनुवटीखाली कडेला चेप, दगडाने मारलेली. राजाला लागतं का ते बघायला मीच मारली होती, चार-पाच वर्षांची असताना. आणि मुकुटाच्या वर भोक, म्हणजे आता बुजवलेलं. त्यातून दोरा ओवून हे माझ्या गळ्यात होतं. घाबरले की मी याचं नाक घासायचे. लग्न झालं तरी सवय सुटली नाही."

"आजींचं वय झालंय," नाणेबुवा लोकांकडे वळून म्हणाला. "दृष्टीत दोष आहे."

"आहेच. अंगठ्यात नाहीये."

मी नाणेबुवाचं भिंग त्याच्या गळ्यातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि नाणं घेऊन खिडकीपाशी गेले. सपाट नाक. हनुवटीखाली चेप. मुकुटाच्या वर मात्र काही दिसेना, सगळं चांदीसारखं रुपेरी. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि टोक तिथे रोवलं. ते आत गेलं, लोण्यात जावं तसं. रुपेरी गोळी टपकन खाली पडली आणि भोकातून रस्ता दिसला. ना मंत्र, ना किटली. नाण्याचा डोळा आकड्याने उघडला.

बेकरीवालीच्या पेल्यातलं पाणी एव्हाना निवलं होतं. वरचा 'पडदा' घट्ट झाला होता. मी तो काढून आकड्यावर धरला आणि चहावाल्याकडून काडी मागून लावली. मेणबत्तीसारखा वितळून ठिबकला.

"मेण," मी म्हणाले. "त्यात रुपेरी पूड. गरम पाण्यात वितळतं, बस्स."

"सराफाला मी हे मागच्या वर्षी विकलं," सासूबाई म्हणाल्या. "तो म्हणाला, भोक पडलेलं नाणं संग्रहवाले घेत नाहीत, नुसत्या चांदीचा भाव देईन. असली भोकाची नाणी कोणी परगावचा माणूस पिशवीभर नेतो म्हणाला. तो तुम्हीच का, बुवा?"

नाणेबुवा मखमल गुंडाळायला लागला होता. खोट असलेला माल लोक खोट लपवून विकतात. या गृहस्थाने खोट लपवली ती लपवलीच, वर ती उघडी पडल्याचेच पैसे घेतले.

"पण मला घड्याळ दिसलं," बेकरीवाली रडवेली होऊन म्हणाली. "आईशप्पथ दिसलं."

तिचा राग नव्हता मला. तरी सांगावं लागलंच. "वहिनी, आत्ता किती वाजलेत बघा."

ती बघत राहिली. चार वाजून दहा मिनिटंच झाली होती. क्लबचं ते घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, आणि पाव द्यायला ती रोज त्याच्याखालून जायची.

कोणी दार अडवून उभं राहिलं, कोणी नाणेबुवाची पिशवी धरली. काहीजण मात्र आमच्यावरच चिडले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचं काय जात होतं हो? लोकांना बरं वाटत होतं."

सासूबाई जिना उतरता उतरता वळल्या. "माझा डोळा जात होता," त्या म्हणाल्या.

बुधवारी त्या दवाखान्यात गेल्या. घाबरल्या होत्याच. आत नेईपर्यंत अंगठा नाण्यावर चालू होता. पट्टी सुटल्यावर मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "अगं, तू एवढी काळवंडलीस कधी?" तेव्हा कळलं की ऑपरेशन छान झालं.

त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नाणं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, भोकासकट. आजकाल नातसुना फोनवर दाखवतात, अमुक नाणं घरात ठेवा, तमुक दुखणं जाईल. माणसं तीच आहेत, किटली तेवढी बदलली. मी त्यांना म्हणते, बायांनो, विश्वास ठेवायला माझी ना नाही. पण आधी हातात घ्या, उलटसुलट करा, कुठून आलं ते विचारा. विचारल्यावर जो रागावतो किंवा तुमचं वय काढतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि जो डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, त्याच्या दारात उभ्यासुद्धा राहू नका.

माझा अंबाडा आता सुपारीएवढा उरलाय. आकड्याची गरज नाही. तरी एक खोचून ठेवते.