लांडग्याची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मऊ नाही, सांगून ठेवते. मी टोचते. ज्यांना टोचलेलं सोसत नाही त्यांनी खुशाल दुकानातली रंगीत ब्लँकेटं घ्यावीत!

चिमाजी सणगरांनी मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताठ वाळवलं. नसरापूरच्या बाजारात कामथडीच्या मुजफ्फरने मला उचललं. तो टेम्पोतून गावोगावचं दूध गोळा करायचा. पहाटेच्या गारठ्यात मी त्याच्या खांद्यावर असायची. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

एका हिवाळ्यात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, राजगडाखालच्या पाली गावाच्या वळणावर एक तरुण उघड्या अंगाने कुडकुडत बसलेला दिसला. मुजफ्फरने टेम्पो थांबवला आणि आधी मला त्याच्या अंगावर टाकलं.

"कुठं सोडू?"

"कुठंच न्हाई. भावांनी हाकललंय," तो म्हणाला. त्याचं नाव गोरख. "पुनवंला माजा लांडगा हुतो."

मी तर गारच पडले! माझी लोकर मेंढीची, आणि मला पांघरलं कोणी, तर लांडग्याने! जमेल तेवढी टोचले त्याला. पण तो मलाच घट्ट धरून रडला, तेव्हा माझा राग निवळला.

मुजफ्फरने त्याला टेम्पोत बसवलं. "च्या पितूस का?" त्याने विचारलं.

पालीत बनाबाई नावाच्या विधवा म्हातारीकडे तो दूध घ्यायला जायचा. तिची मुलं पुण्याला गेली होती आणि सणालाही फिरकत नव्हती. गोरखला त्याने तिच्याच दारात नेलं आणि सगळं खरं सांगितलं.

"महिन्यातनं एकदाच न्हवं?" बनाबाई म्हणाली. "माजा नवरा रोज व्हायचा. ये आत."

गोरख तिथेच राहिला. राजगडावर जाणाऱ्या ट्रेकर पोरांना तो पिठलं-भाकरी करून घालू लागला. मुजफ्फरचा टेम्पो पालीत जास्त वेळ थांबू लागला, आणि पुढे तोही तिथेच राहायला आला. मित्रांनो, त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. नवरा-बायकोचं असतं, तसंच. बनाबाईला सांगायचं कसं, म्हणून दोघे चुळबुळत होते. तिनेच एका संध्याकाळी दोघांचं अंथरूण एकत्र घातलं.

"मावशी, आमी..." मुजफ्फर अडखळला.

"मला काय आंधळी समजलास व्हय? जीव हाय न्हवं एकमेकांवर? मग झोपा गुमान."

दोघांच्या अंगावर मी होते. इतकी सुखी मी कधीच नव्हते.

पुनवेला गोरखचा लांडगा झाला की बनाबाई त्याला दूध-भाकरी चारायची. मग तो डोंगरात जायचा. उजाडताना मुजफ्फर मला आणि चहाची किटली घेऊन पायथ्याशी उभा असायचा. लांडग्याने कुणाच्या मेंढीला कधी तोंड लावलं नाही.

पण एका वर्षी गावातली शेरडं नाहीशी होऊ लागली. कुणीतरी बनाबाईच्या अंगणात लांडगा पाहिला होता. मार्गशीर्षातल्या पुनवेला, दिवेलागणीच्या वेळी, माणसं काठ्या-कोयते घेऊन दारात आली. पुढे होते आनंदराव. ते पालीतले सर्वांत वडीलधारे मेंढपाळ, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. गोरखचा लांडगा झालेला होता. पळाला असता तर गोफणीच्या धोंड्यांनी मेला असता, आणि वाचला तरी घरी परत येणं नव्हतं.

आमच्या मेंढपाळांत एक रीत होती. घोंगडीवर बसलेल्यावर हात उगारायचा नाही. भांडण असेल त्याने काठी खाली ठेवून समोर बसायचं आणि बोलायचं. मुजफ्फरला ती ठाऊक होती. त्याने मला अंगणात पसरलं आणि लांडग्याला जवळ घेऊन माझ्यावर बसला. शेजारी बनाबाईने बैठक मारली.

"आनंदराव, बसा," मुजफ्फर म्हणाला.

"लांडग्यासमोर?"

"घोंगडीवर हाय त्यो."

आनंदरावांनी दात-ओठ खाल्ले. मग काठी ठेवली आणि समोर माझ्या टोकावर बसले. बोलणं कसलं! तासन्‌तास नुसते लांडग्याकडे बघत राहिले. अचानक वरच्या आळीतून ओरड झाली, "बिबट्या! शेरडू नेलं!" सगळे तिकडे धावले. आनंदराव मात्र उठले नाहीत. लांडगा तर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याने मुजफ्फरच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं.

उजाडलं आणि लांडग्याच्या जागी गोरख दिसू लागला, उघडा, कुडकुडणारा. मुजफ्फर मला ओढू लागला, पण माझ्या टोकावर आनंदराव बसलेले. मी हलेना. मी मनात म्हटलं, आता काय होणार?

आनंदराव उठले. त्यांनीच मला गोरखच्या अंगावर घातलं, कडा नीट खोचल्या.

"बनाबाई," ते म्हणाले, "ह्या घरावर पुन्यांदा कुनी काठी उगारली, तर पयली मला लागंल."

बनाबाई पदरात तोंड खुपसून रडली. मीही रडले असते, पण घोंगडीला कुठलं पाणी!

आता मी विरले आहे. मित्रांनो, लोकरीचं काही घरात असेल तर ते पेटीत घडी घालून विसरू नका, कसर लागते. वर्षातून एकदा उन्हात घाला, झटका, वापरा. आणि दारात कुणी कुडकुडत आलं, तर तो कोण, कुठला, हे मागाहून विचारा. आधी पांघरूण घाला.